ऑर्गन दुरुस्त करण्याआधी

सातपुड्याच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातल्या एका लहान गावाच्या प्रार्थनामंदिरात एक जुना ऑर्गन बरीच वर्षे मुका पडून आहे आणि त्याचे पुढे काय करायचे हा प्रश्न यंदा तिथल्या पंचकमिटीपुढे आला आहे. मी त्या मंडळीचा सभासद नाही. गावच्या भजनात आणि सामुदायिक प्रार्थनेत पेटी वाजवणारा मी एक निवृत्त शिक्षक. "गुरुजी, तुम्हाला पेटीतले कळते, एकदा येऊन पाहून जा," असे पाळकसाहेबांनी म्हटले म्हणून मी गेलो आणि त्या वादात नकळत ओढला गेलो. पंचांत तीन मते होती. एकाचे म्हणणे, जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला तो विकून टाकावा. दुसऱ्याचे म्हणणे, मंडळीतल्या एका कुटुंबाचा परदेशी असलेला मुलगा पैसे द्यायला तयार आहे, तेव्हा ऑर्गन मुंबईला पाठवून नव्यासारखा चकचकीत करून आणावा आणि वेदीशेजारी काचेच्या पेटीत ठेवावा. तरुण सभासद म्हणत होते, त्याच पैशात चांगला कीबोर्ड येईल. मला या तिन्ही गोष्टी चुकीच्या वाटतात, आणि त्यामागची कारणे एका गावापुरती नाहीत, म्हणून ती इथे मांडतो.

आधी वस्तू कोणती आहे ते स्पष्ट झाले पाहिजे, कारण 'चर्चचा ऑर्गन' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे भिंतभर उभ्या नळ्या येतात. तो पाइप ऑर्गन वेगळा. मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये तसा आहे. त्यात दाबाने साठवलेली हवा नळ्यांत सोडली जाते, प्रत्येक नळी एकच सूर देते, आणि खर्जातल्या एका सुरासाठी आठ-आठ, सोळा-सोळा फुटांची नळी लागते. आपल्याकडच्या हवेत हे वाद्य सांभाळणे किती अवघड असेल याचा साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. हवा तापली की तिच्यातून ध्वनी अधिक वेगाने जातो आणि नळीचा सूर चढतो. दर अंशामागे ही चढ अर्ध्या स्वराच्या सुमारे ३ टक्के असते. पौषातल्या पहाटे १५ अंश आणि वैशाखातल्या दुपारी ४५ अंश असे धरले, तर एकच नळी वर्षभरात जवळजवळ अर्धा स्वर वर-खाली होणार. त्याच वाद्यातल्या जिभाळीच्या, म्हणजे पितळी जिभेच्या कंपनाने वाजणाऱ्या, नळ्या मात्र फारशा हलत नाहीत, म्हणजे वाद्य स्वतःशीच बेसूर होते.

आमच्या गावातला ऑर्गन नळ्यांचा नाही. तो रीड ऑर्गन आहे, ज्याला नाटकवाले आणि जुनी माणसे पायपेटी म्हणत. पितळी चौकटीत एका टोकाला पक्की केलेली पितळेची पातळ जीभ, म्हणजे आपण पेटीत ज्याला 'सूर' म्हणतो तोच, हाच त्याचा आवाज. फरक इतकाच की आपली हातपेटी हवा बाहेर ढकलते आणि ही अमेरिकन घडणीची पायपेटी हवा आत ओढते. दोन्ही पायांनी पट्ट्या दाबल्या की भात्यात पोकळी तयार होते, बोटाखालची पट्टी दाबली की झडप उघडते आणि बाहेरची हवा सुरातून आत शिरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला, खामगाव, अमरावती या पट्ट्यात अमेरिकन मिशनरी येऊन राहिले, त्या काळातली ही वाद्ये आहेत. विजेची गरज नाही, बैलगाडीतून नेता येते, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात सूर फारसा हलत नाही. आपल्या भागासाठी याहून सोयीचे वाद्य त्या काळी दुसरे मिळाले नसते.

इथेच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हे वाद्य दुर्मीळ नाही. एस्टे नावाच्या एकाच अमेरिकन कारखान्याने असे ५ लाखांहून अधिक ऑर्गन बनवले. तेव्हा 'अमूल्य ठेवा', 'अनमोल वारसा' अशा शब्दांत जो काही गहिवर पंचकमिटीच्या बैठकीत व्यक्त झाला, त्यात मला सहभागी होता आले नाही. जी वस्तू कारखान्यातून लाखांनी निघाली ती केवळ जुनी झाली म्हणून जपायची, तर मग आपल्या घरातल्या शिवणयंत्रांनाही काचेत बसवावे लागेल. ऑर्गन जपायचा असेल तर त्याला दुसरे कारण हवे.

ते कारण मला परतवाड्याच्या एका पेटी-मिस्त्रींबरोबर ऑर्गनची पाठ उघडली तेव्हा दिसले. आत उंदरांनी जुन्या उपासनापत्रिका कुरतडून घर केले होते. तळच्या फळीला एका कोपऱ्यात उधई लागून थांबली होती. भात्याचे रबर लावलेले कापड कडकडीत वाळून घड्यांवर फाटले होते, म्हणून पाय मारले की नुसता फुसफुस आवाज येत होता. पण १२२ सुरांपैकी (६१ पट्ट्या, प्रत्येकीला दोन) मिस्त्रींनी आकडीने एकेक ओढून काढून पाहिले, तेव्हा तुटलेले फक्त चार निघाले. बाकीचे मुके सूर केवळ धुळीने मुके होते. जीभ आणि चौकट यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत एक कण अडकला तरी सूर बोलत नाही. मिस्त्री म्हणाले, "गुर्जी, हा बाजा मेला नाई, याचा दम कोंडला हाये." दुपारभर त्यांनी काम केले आणि संध्याकाळी भात्याला तात्पुरती पट्टी चिकटवून मधल्या सप्तकात दोन-तीन मिनिटे आवाज काढून दाखवला. पाळकसाहेबांच्या मातोश्री, वय नव्वदीच्या आसपास, ओसरीवरून उठून आत आल्या.

त्या दुपारी आणखी एक गोष्ट उघडकीला आली, आणि ती माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. ऑर्गनची दुरुस्ती याआधीही एकदा झाली होती. कोणी केली ते सांगण्यात अर्थ नाही. पण करणाऱ्याने भात्याचा एक भाग रेक्झिनने मढवला होता, जे दोन-तीन उन्हाळ्यांत तडकले असणार, आणि फळ्यांचे जोड पांढऱ्या रासायनिक गोंदाने बसवले होते. मूळ जोड सरसाचे होते. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद. गरम पाण्याच्या वाफेने तो सुटतो, लाकडाला इजा होत नाही, आणि शंभर वर्षांनी दुसरा कारागीर तोच जोड पुन्हा उघडू शकतो. रासायनिक गोंदाचा जोड उघडायचा तर लाकूडच फाडावे लागते. जिथे मूळ सरसाचा जोड होता तिथे मिस्त्रींना अर्धा तास लागला, आणि जिथे नवा गोंद होता तिथे फळी फुटली. त्या दुरुस्तीने त्या वेळचा ऑर्गन वाजता केला असेल, पण पुढच्या दुरुस्तीचा रस्ता बंद केला.

जगभर ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या मंडळींनी याच प्रश्नावर खूप विचार केला आहे आणि त्यांचा साधारण नियम असा की आपण केलेले काम पुढच्या माणसाला उलटवता आले पाहिजे. स्वित्झर्लंडमधल्या सिओनच्या वालेर चर्चमधला १४३५ च्या सुमाराचा ऑर्गन आजही वाजतो, तो मधल्या प्रत्येक पिढीत त्याला हात लावणारे, आणि कधी कधी चूकही करणारे, लोक होते म्हणून. पॅरिसच्या नोत्र दामचा मोठा ऑर्गन १५ एप्रिल २०१९ च्या आगीत जळला नव्हता. छपराच्या वितळलेल्या शिशाची धूळ त्याच्या सुमारे ८,००० नळ्यांत गेली होती. तो उतरवून, एकेक नळी साफ करून, परत बसवून, सुरात आणून डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले तेव्हा तो वाजला. या कामाला पैसा लागलाच, पण पैसा आल्यावर हे काम करणारी माणसे शोधत बसावे लागले नाही. ती आधीपासून फ्रान्समध्ये होती, कारण तिथे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात कुठला तरी लहान ऑर्गन दुरुस्त होत असतो.

जर्मनीचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. २०१७ मध्ये युनेस्कोने जर्मनीची ऑर्गन बांधण्याची कला आणि ऑर्गनसंगीत यांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. 'अमूर्त' या शब्दाकडे लक्ष द्यावे. यादीत एकही ऑर्गन नाही. जर्मनीने आपली बाजू मांडताना जे आकडे दिले ते माणसांचे होते: सुमारे ४०० कार्यशाळा, २,८०० कारागीर आणि १८० शिकाऊ. मला या तिन्हींत शेवटचा आकडा महत्त्वाचा वाटतो. १८० जण शिकत आहेत, म्हणून बाकीच्या आकड्यांना अर्थ आहे.

आता आपल्याकडे पाहू. माझ्याबरोबर आलेले मिस्त्री सत्तरीला आले आहेत. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, आणि त्याने तसे करावे हेच योग्य आहे, कारण पेटीच्या दुरुस्तीवर घर चालत नाही. भजनी मंडळे वऱ्हाडात गावोगाव आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने उभी राहिलेली सेवा मंडळे, वारकरी फड, दुर्गोत्सवातली मंडळे, सगळ्यांकडे पेटी आहे, आणि त्यांतल्या किती पेट्या एका मुक्या सुरामुळे किंवा फाटक्या भात्यामुळे कपाटावर चढल्या असतील याचा अंदाज पेटी वाजवणाऱ्या कोणालाही आहे. सरकार याबाबत उदासीन आहे असेही नाही. २०२५ मध्ये राज्य शासनाने १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५,००० रुपये द्यायचे जाहीर केले, भजनाचे साहित्य घेण्यासाठी. मला त्याचा आनंद आहे, आमच्या मंडळानेही अर्ज केला. पण हे पैसे खरेदीसाठी आहेत. दोन वर्षांनी ती नवी पेटी बेसूर झाली की ती कोण सुरात आणणार, हा प्रश्न त्या योजनेत कोणी विचारलेला नाही.

दुसरे उदाहरण विश्वकर्मा योजनेचे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने ती सुरू केली, १८ पारंपरिक व्यवसायांसाठी. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि सवलतीचे कर्ज. यादीत सुतार आहे, लोहार आहे, चर्मकार आहे, बाहुल्या-खेळणी करणारा आहे, हार गुंफणारा आहे, मासळीचे जाळे विणणारा आहे. वाद्य घडवणारा किंवा दुरुस्त करणारा नाही. आमचे मिस्त्री लाकूड तासतात, चामडे कापतात, पितळ कानशीने घासतात. जिभेच्या टोकाशी घासले तर सूर चढतो, मुळाशी घासले तर उतरतो, आणि एक घासणी जास्त झाली तर तो सूर कायमचा जातो. अशा माणसाने योजनेत 'सुतार' म्हणून नाव घालावे, असा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यांनी तो घेतला नाही. "मी सुतार नाई," एवढेच म्हणाले.

कीबोर्डवाल्या तरुणांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. त्यांची बाजू भक्कम आहे. पंधरा-वीस हजारांत बरा कीबोर्ड येतो, गायकाच्या पट्टीप्रमाणे एक बटण दाबून सूर वर-खाली करता येतात, आणि लग्नाच्या वरातीपासून नाताळच्या गीतांपर्यंत तो सगळीकडे चालतो. शिवाय ऑर्गनच्या पट्ट्या जड, पाय मारून मारून पोटऱ्या दुखतात. पण दोन गोष्टी त्यांनी विचारात घ्याव्यात. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळ असते ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि दहा वर्षांनी कीबोर्डातले एखादे सर्किट गेले तर त्याचा सुटा भाग मिळत नाही, तेव्हा नवा घ्यावाच लागतो. शंभर वर्षांच्या ऑर्गनचा तुटलेला सूर मात्र मिस्त्री हाताने घडवू शकतात, किंवा गुजरातेत पालिताण्याला आजही सूर बनतात तिथून मिळतीजुळती पट्टी मागवून ती बसवू शकतात. कीबोर्ड घ्यायला माझी हरकत नाही. पण त्याच्यासाठी ऑर्गन विकायचा, यात एकदाच होणारा फायदा आहे आणि कायमचा तोटा.

'हे तर परकीय वाद्य, त्याचे काय एवढे,' असाही सूर गावात मी ऐकला, आणि तो मला सर्वांत जास्त खटकला. कारण याच तर्काने आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीवर बंदी घातली होती. पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे, येत नाही, तिचे स्वर समस्वरी, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून पक्के केलेले आहेत, हे आक्षेप शास्त्रीय संगीताच्या दृष्टीने खरेच आहेत. पण ती बंदी चालू असतानाच पेटी महाराष्ट्राच्या प्रत्येक देवळात वाजत होती. आणि ऑर्गनही काही चर्चपुरता राहिला नाही. बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत पदांच्या साथीला ऑर्गन होता, आणि तो आवाज ऐकत ऐकत मराठी माणसाच्या दोन पिढ्यांचे कान घडले. पूर्व विदर्भात वडसा-देसाईगंजला केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर नाटके चालतात आणि तिथे ऑर्गनची साथ टिकून राहिली. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे विदर्भाच्या पश्चिम टोकाला चर्चमध्ये जो बाजा मुका पडला आहे, तोच बाजा पूर्व टोकाला धानाच्या बांधीत उभारलेल्या मंडपात गेल्या हिवाळ्यात वाजत होता. तो दुरुस्त करणारी माणसेही तिथे असणार. अचलपूरच्या पंचकमिटीने मुंबईकडे पाहण्याऐवजी वडशाकडे पाहावे, असे मी बैठकीत म्हटले, तेव्हा थोडा हशा झाला. मी गंभीरपणे म्हटले होते.

उलट दिशेनेही हेच दिसते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर मराठी उपासनेला अभंग-ओवीच्या वळणाची पदे दिली आणि भजन-कीर्तन चर्चमध्ये आणले. त्यामुळे आमच्या गावच्या या प्रार्थनामंदिरात एकाच रविवारी पाश्चात्त्य चालीचे स्तोत्र ऑर्गनवर आणि टिळकांचे पद हातपेटी-तबल्यावर होत असे. आता दोन्ही मोबाइलच्या स्पीकरवर होतात. मंडळी गाते, पण आधीपासून भरलेल्या चालीच्या मागे मागे. कोणी कडवे पुन्हा घ्यावे म्हटले तर स्पीकर थांबत नाही.

धर्मस्थळाच्या वस्तूसाठी सार्वजनिक पैसा का, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तो सरळ चर्चला देऊ नये, तसाच देवळालाही देऊ नये, असे माझे मत आहे. तो कारागिराला द्यावा. म्हणजे विश्वकर्मा योजनेत वाद्यकारागीर हा एकोणिसावा व्यवसाय घालावा. आणि भजनी मंडळांच्या अनुदानात खरेदीबरोबर दुरुस्तीलाही पैसे वापरता येतील एवढी एक ओळ शासन निर्णयात घालावी. मग पेटी देवळातली, ऑर्गन चर्चमधला आणि सारंगी दर्ग्यातल्या कव्वालाची, दुरुस्त करणारा माणूस एकच राहील आणि त्याला कोणाच्या धर्माशी घेणे नसेल. आजही नसतेच.

विकण्याचा प्रस्ताव मी थोडक्यात बाजूला ठेवतो. ट्रस्टची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ऑर्गनसारखी हलवता येणारी वस्तू मात्र एका टेम्पोत निघून जाते आणि शहरातल्या कुठल्यातरी हॉटेलच्या दारात फुलदाणीखाली जाऊन बसते. आमच्या भागातले असे दोन ऑर्गन मी गेलेले पाहिले आहेत. काचेच्या पेटीचा प्रस्ताव दिसायला याच्या उलट असला तरी वाद्याच्या दृष्टीने फारसा वेगळा नाही. न वाजणाऱ्या ऑर्गनचा भाता एकाच घडीवर कडक होतो, सुरांत धूळ बसते, आणि उंदराला काचेचे भय नसते. वाजता ठेवणे हीच त्याची सर्वांत स्वस्त देखभाल आहे.

म्हणून पंचकमिटीला मी लेखी जे दिले ते असे. परदेशी मुलाने देऊ केलेले पैसे घ्यावेत, पण ऑर्गन मुंबईला पाठवू नये. मिस्त्रींचा अंदाज चाळीस हजारांच्या आतला आहे. उरलेल्या पैशांतून दोन तरुणांना, एक वाजवायला आणि एक दुरुस्तीला, दोन वर्षे मासिक मानधन द्यावे. दुरुस्ती शिकणारा मंडळीतलाच असावा अशी अट नको, भजनी मंडळातला असला तरी चालेल. लाकडी जोड सरसानेच बसवावेत, भात्याला रेक्झिन नको. काढलेला प्रत्येक जुना भाग, तुटलेल्या चार सुरांसह, पाकिटात घालून आतच ठेवावा, आणि काय बदलले, केव्हा बदलले हे एका वहीत लिहून ती वही पाठच्या फळीच्या आतून टांगावी. ऑर्गनच्या सुरांची मूळ पट्टी आजच्या पट्टीपेक्षा वेगळी असेल तर ती तशीच राहू द्यावी. घासून आजच्या पट्टीला आणण्याचा मोह टाळावा, कारण घासलेले पितळ परत येत नाही. हातपेटीबरोबर वाजवायचे असेल तेव्हा पेटीवाल्याने जुळवून घ्यावे, म्हणजे मी.

दोन तरुण मिळाले नाहीत तर दुरुस्ती करू नये, हेही मी लिहिले आहे, आणि त्यावर पंचांत नाराजी झाली. तसे झाले तर भाता सैल करून, सुरांवर पातळ कापड टाकून, उधईचे औषध मारून ऑर्गन झाकून ठेवावा आणि वाट पाहावी. पडून राहिल्याने बिघडते ते पुन्हा नीट करता येते, पण घाईतल्या चुकीच्या दुरुस्तीने बिघडलेले येत नाही, हे फुटलेल्या फळीने दाखवलेच आहे. पावसाळ्यात सरस नीट धरत नाही, म्हणून काम दसऱ्यानंतरच सुरू होईल. एक मुलगी, संडेस्कूलमध्ये शिकवते, वाजवायला तयार झाली आहे. दुरुस्तीसाठी अजून कोणी नाही. मिस्त्रींनी आपल्या मुलाला एकदा विचारून पाहतो म्हटले आहे.